चि. ओंकारला, लहानपणच्या ऑपरेशनविषयी

परळ, मुंबई

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे निवांत बोलता येत नाही, तुझ्या आजूबाजूला मित्र असतात, म्हणून लिहितो. तुझ्या जांघेत जी बारीक खूण आहे ती ऑपरेशनची. तुझं उजवं वृषण जन्मतः खाली उतरलं नव्हतं, ते डॉक्टरांनी तू सव्वा वर्षाचा असताना खाली आणून बसवलं. इतक्या लहानपणी झालं हे बरंच झालं, त्याने वृषणाच्या कॅन्सरचा पुढचा धोका कमी होतो. पण पुरता जात नाही. तू आता एकोणीस वर्षांचा आहेस, आणि हा कॅन्सर म्हातारपणाचा नाही, पंधरा ते पस्तीसच्या पोरांचा आहे.

आपल्याकडे तो फार थोड्यांना होतो. भारतात वर्षाला लाख पुरुषांमागे एकही रुग्ण भरत नाही, नॉर्वे-डेन्मार्कमध्ये दहाच्या आसपास असतात. आपल्याकडे त्याबद्दल कोणी बोलत नाही, त्याचं हेही एक कारण.

डेन्मार्कची गोष्ट वाचून मी थक्क झालो. विसाव्या शतकात तिथे रुग्ण वाढतच गेले. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जन्मलेली मुलं मोठी झाली, तेव्हा त्यांच्यात हे प्रमाण आधीच्या आणि नंतरच्या मुलांपेक्षा कमी निघालं. जन्म कोणत्या साली झाला यावर धोका ठरतो, म्हणजे बीज आईच्या पोटातच पडत असावं, असं संशोधकांनी त्यावरून ताडलं. एक-दोन पिढ्यांत जनुकं एवढी बदलत नाहीत, तेव्हा बदललं ते राहणीमान किंवा परिसर. नेमकं काय, ते अजून कोणालाच सापडलेलं नाही. तुझी आई गरोदरपणी काय चुकलं ते आठवत बसते. तिला मी तसं बसू देत नाही, तूही देऊ नकोस.

रुग्ण वाढले तरी मृत्यू मात्र घटले. 1974 मध्ये अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांच्या जोडीने देऊन पाहिलं. त्याआधी अंगभर पसरलेल्या आजारातून क्वचितच कोणी वाचे, आज अशांतलेही बहुतेक बरे होतात.

महिन्यातून एकदा गरम पाण्याने आंघोळ झाली की दोन्ही बाजू बोटांनी चाचपून बघ. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागतं, ते सगळ्यांनाच असतं. टणक गाठ, जडपणा किंवा आकारात फरक जाणवला तर लगेच डॉक्टरांकडे जा. बहुधा दुखत नाही, म्हणून मुलं लाजेने महिनोन्महिने अंगावर काढतात. तू परीक्षा असली तरी थांबू नकोस. सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून घे, पैसे मी त्याच दिवशी पाठवीन. सुई घालून तुकडा काढू असं कोणी म्हणालं तर नको म्हण, या आजारात तसं करत नाहीत. मला फोन कर आणि सरळ घरी ये. टाटा हॉस्पिटल आपल्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे, मी सोबत येईन.

तुझा,
बाबा