काळी एकमधला भूप

शहापूर, बेळगाव

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझ्या कीबोर्डचं रेकॉर्डिंग ऐकलं. हात मोकळा झालाय, ऐकून फार बरं वाटलं. पण गाणाऱ्याची पट्टी काळी एक (म्हणजे सा पहिल्या काळ्या पट्टीवर) असताना, आपोआप सूर बदलून देणारं ट्रान्स्पोजचं बटण दाबून तू पांढरी एकमधूनच वाजवतोस, हे लिहिलंस म्हणून सांगते: रियाजाला ते बटण बंदच ठेव. बोटाखाली एक सा आणि कानात दुसरा अशी सवय लागली की समोर साधी पेटी आल्यावर हात अडखळतो. आपल्याकडे एकाच बैठकीत अभंगही होतात आणि दासरपदंही, म्हणजे हरिदासांची कानडी भक्तिपदं; गाणारा बदलला की पट्टी बदलते. पेटीवादक पं. रामभाऊ विजापुऱ्यांच्या बेळगावात पेटीची साथ लोक कान देऊन ऐकतात.

भूप रागच घे, सा रे ग प ध एवढे पाचच स्वर. काळी तीनपासून तो पाचही काळ्यांवर बसतो, पांढरी एकपासून पाचही पांढऱ्यांवर. काळी एकपासून चार काळ्या, आणि गंधार तेवढा पांढरी चारवर. सा तर्जनीनं, रे मधल्या बोटानं, मग अंगठा खालून घालून ग. पुढं प तर्जनी, ध मधलं, वरचा सा अनामिका. उतरताना अंगठा ग वर असतानाच मधलं बोट त्याच्यावरून रे कडं गेलं पाहिजे. गडबड होते ती चढताना. अंगठा उशिरा निघतो, घाईनं पडतो आणि ग उगाच जोरात वाजतो. टच रिस्पॉन्स (जोरात दाबलं की जोरात वाजतं, ती सोय) चालू ठेव, म्हणजे तो धक्का ऐकू येईल. बंद असला की दोष झाकला जातो.

मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला 60 वर ठेव, ठोक्याला दोन स्वर. सलग पाच वेळा स्वच्छ आलं तर 4 नं वाढव, लागोपाठ दोनदा चुकलं तर 8 नं खाली ये. हात बसला की सोळा मात्रांच्या त्रितालात मिनिटाला 120 मात्रांची लय धर आणि मेट्रोनोम 30 वर ठेव. मग पहिली, पाचवी, नववी आणि तेरावी एवढ्याच मात्रा ऐकू येतील. मधल्या तू सांभाळायच्या. पळायची खोड इथंच पकडली जाते.

आणखी एक. चुकलं की पुन्हा मुखड्यापासून सुरू करू नकोस. त्यानं मुखडा तेवढा गुळगुळीत होतो, अंतरा कच्चाच राहतो. मुरलेले वादक अडलेली जागा, तिच्या आधीचे दोन स्वर आणि नंतरचे दोन, एवढंच घोळवतात. दहा मिनिटं ही जागा, दहा मिनिटं दुसरी, मग परत पहिली. परत आल्यावर बोटं विसरल्यासारखी वाटतील, वाटू देत. आठवून वाजवावं लागतं, म्हणूनच ते टिकतं. रेकॉर्डिंग मात्र दुसऱ्या दिवशी ऐक. वाजवल्या वाजवल्या ऐकलं तर कान आपलीच बाजू घेतो.

स्टँड एक खाच खाली घे, कोपर कीबोर्डच्या पट्ट्यांच्या बरोबरीनं आलं पाहिजे. मनगट दुखलं तर त्या दिवशी कीबोर्ड झाकून ठेव.

पुढचं रेकॉर्डिंग काळी चारमधल्या भूपाचं पाठव. त्यात तीन काळ्या आणि दोन पांढऱ्या येतात. कुठल्या स्वराला कुठलं बोट ठेवलंस, तेही लिही.

तुझी,
आई