दादाच्या यकृताविषयी आईस

पिट्सबर्ग, १२ जानेवारी

ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

दादाच्या यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग बाबांना दिल्यावर त्याच्या अंगात काय उरणार, असे तू काल विचारलेस. फोनवर मला ते नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते आहे.

कापलेला भाग पुन्हा उगवत नाही. उरलेलाच भाग वाढतो आणि बरीचशी वाढ पहिल्या काही आठवड्यांतच होते. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही उंदरांवर करतो ती दोन-तृतीयांश यकृत काढण्याची शस्त्रक्रिया हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये मांडली. मागच्या आठवड्यात मी शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशीचा उंदराच्या यकृताचा एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. विभाजनाच्या वाटेवरच्या पेशींची केंद्रके रंग दिल्यावर तपकिरी दिसतात. निरोगी यकृतात असे केंद्रक शोधावे लागते, या कापात मात्र जिकडे पाहावे तिकडे तीच होती.

दादा तुझ्या पोटात असताना ज्या संदेशांवर त्याचे यकृत घडले, त्यांपैकी कितीतरी संदेश आता पुन्हा कामाला लागतील. आतड्यांकडून येणारे सगळे रक्त लहानशा भागातून वाहू लागले, की रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ताण येतो आणि अस्तराच्या पेशी ‘विंट’ नावाची प्रथिने सोडतात. त्यामुळे यकृतपेशींतले बीटा-कॅटेनिन हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि विभाजनाला लागणारी जनुके जागी होतात. या ‘विंट’च्या नावात फळमाशीचे ‘विंगलेस’ हे जनुक दडलेले आहे, आणि ती बिनपंखी माशी १९७३ मध्ये आपल्याच देशातल्या आर. पी. शर्मा यांनी नोंदवली, याचा मला फार अभिमान वाटतो. वाढ पुरेशी झाली, की ‘हिप्पो’ नावाची संदेशांची दुसरी साखळी तिला आवर घालते.

मग बाबांचे यकृत स्वतःच का भरून आले नाही, हा तुझा प्रश्नही रास्त आहे. इजा वर्षानुवर्षे चालू राहिली, की वाढीचे हेच संदेश व्रण बनवणाऱ्या पेशींनाही चेतवत राहतात, आणि त्या तंतूंच्या जाळ्यात निरोगी पेशींना जागा उरत नाही.

शस्त्रक्रियेआधी सी.टी. स्कॅनवरून दादाचे किती यकृत उरेल ते मोजतात, आणि ते निदान ३० टक्के असावे असा दंडक आहे. डॉक्टरांना तो आकडा स्पष्ट विचार आणि मला कळव.

तुझी,
धाकटी