घर बदलताना खाऱ्या पाण्यातले मासे

महोदय,

बदल्यांच्या दिवसांत कपाटे, भांडी वेळेवर बांधली जातात. समुद्री माशांची आठवण आदल्या रात्री होते. पुण्याहून बेंगळुरूला पोचल्यावर टाकी लगेच लावून मासे त्यात सोडू नयेत. ढवळलेल्या वाळूतला मैला वर येऊन अमोनिया वाढतो. त्याऐवजी शंभर लिटरचा, खाण्याच्या वस्तूंसाठी चालणारा प्लास्टिकचा ड्रम तात्पुरता वापरावा. आरओच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ते ३८ ग्रॅम मत्स्यालयाचे समुद्री मीठ (स्वयंपाकाचे मुळीच नको) एक दिवस आधी विरघळवावे; सापेक्ष घनता (गोड्या पाण्याच्या तुलनेत) १.०२५, तापमान २५-२६ अंश सेल्सिअस. जुना स्पंज फिल्टर ओलाच न्यावा. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच असतात, वाळला की मेले. बाष्पीभवनाने घटलेले पाणी मात्र गोड्या पाण्यानेच भरावे.

निघण्यापूर्वी माशांना २४ तास उपास घडवावा. मोठी चूक पुढे होते. मासे ज्या बंद पिशवीतून नेतो ती उघडताच त्यांच्या श्वासाने साचलेला कार्बन डायऑक्साइड निसटतो, पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता सांगणारा आकडा) चढतो आणि साचलेला अमोनिया विषारी होतो. म्हणून तापमान बंद पिशवीतच जुळवून, उघडल्यावर मासे चटकन ड्रममध्ये घ्यावेत. पिशवीतले पाणी फेकून द्यावे.

— एक मत्स्यपालक, कोथरूड, पुणे