संगणक एकच 'सर्वोत्तम' उत्तर देत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'संगणकाने सर्वोत्तम पर्याय शोधून काढला' हे वाक्य अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवरील बातम्यांत वारंवार वाचायला मिळते. जिथे दोन उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात, तिथे हे वाक्य दिशाभूल करणारे असते. कोयनेचेच पाहा. धरणातले पाणी पश्चिमेकडे वळवले की वीज जास्त मिळते, पण ते वाशिष्ठीतून समुद्राला जाते; पूर्वेकडे सोडले तर कृष्णाकाठच्या शेतीला मिळते, पण वीज घटते. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, ती या ओढाताणीमुळेच. अशा प्रश्नाला एक उत्तर नसते, उत्तरांची रांग असते, आणि त्या रांगेतल्या प्रत्येक उत्तरात एक उद्दिष्ट आणखी साधायचे तर दुसऱ्यात काहीतरी सोडावे लागते.

ही रांग व्यवहारात हाती यावी, यासाठी आयआयटी कानपूरमध्ये डॉ. कल्याणमय देब यांनी केलेल्या कामाची मराठी वृत्तपत्रांत फारशी दखल घेतली गेली नाही, याचे वाईट वाटते. श्रीनिवास आणि देब यांनी १९९४ साली मांडलेली 'एनएसजीए' ही पद्धत (सजीवांच्या उत्क्रांतीची नक्कल करून पिढीमागून पिढी चांगले पर्याय निवडत जाणारी संगणकीय रीत) उपयुक्त असली तरी संथ होती आणि तिच्यात एक मापदंड वापरणाऱ्याला अंदाजाने ठरवावा लागे. देब व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एनएसजीए-२'मध्ये हे दोन्ही दोष दूर झाले. यात आई-बापांची पिढी, म्हणजे हाती असलेले पर्याय, आणि त्यांच्यापासून संकर व उत्परिवर्तनाने झालेली संतती एकत्र करून सर्वांची प्रतवारी लावली जाते, त्यामुळे आधी सापडलेला चांगला पर्याय हातचा जात नाही. कोणत्याही बाबतीत उणा नसून निदान एका बाबतीत सरस असा दुसरा पर्याय ज्यांच्यापुढे नाही, ते पहिल्या प्रतीत येतात. पुढची पिढी वरच्या प्रतींपासून भरत जाते, आणि जी प्रत उरलेल्या जागेत पूर्ण मावत नाही, तिच्यातून गर्दीपासून दूर असलेल्यांना आधी घेतले जाते. ही शेवटची युक्ती मला सर्वांत देखणी वाटते, कारण तिच्यामुळे उत्तरे एका कोपऱ्यात न साचता संपूर्ण रांगेत पसरतात.

उद्दिष्टे तीनपेक्षा जास्त झाली की जवळपास सगळेच पर्याय पहिल्या प्रतीत जाऊन बसतात आणि निवड बोथट होते. त्यावर देब यांनीच हिमांशू जैन यांच्यासह २०१४ मध्ये संदर्भबिंदूंवर (पर्याय सर्वत्र पसरावेत म्हणून आधीच ठरवलेल्या खुणांवर) आधारलेली 'एनएसजीए-३' ही पद्धत मांडली. तोवर ते अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात गेले होते; मात्र 'एनएसजीए-२' कानपूरच्या प्रयोगशाळेत घडली, आणि तिचा सी भाषेतला प्रोग्रॅम त्या प्रयोगशाळेने सर्वांना मोफत उपलब्ध करून दिला होता. तिच्या जगभरच्या प्रसाराचे एक कारण मला हेही वाटते.

तेव्हा धरण, रस्ता किंवा वीजकेंद्र यांच्या आराखड्याची बातमी देताना, कोणती उद्दिष्टे तोलली गेली, संगणकाने पुढे केलेल्या पर्यायांतून एक कोणी निवडला आणि कशाच्या बदल्यात, एवढे आपल्या वार्ताहरांनी विचारावे, ही विनंती.

आपला,
यंत्र अभियांत्रिकीचा एक निवृत्त प्राध्यापक, कराड