मंत्रीसाहेब, आमच्या नानांची पेटी कुठाय?

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

नाव आणि खातं मुद्दाम लिहीत नाही, वाचलं की आपलं आपल्यालाच कळेल.

मार्चमध्ये माझे वडील, नाना, गेल्यावर आपण आमच्याकडे दारवर (सांत्वनाला) आला होतात. ओट्यावर सतरंजीवर बसलात, आईला हात जोडलेत आणि चाळीसेक माणसांसमोर म्हणालात की नानांची पेटी आठ दिवसांत घरी येईल, समाजाच्या मंडळाशी मी स्वतः बोलतो. सहा महिने झाले. पेटी आली नाही. मंडळाशी मात्र तुम्ही बोललात, परवा रविवारी, त्यांच्याच स्टेजवरून, त्यांचाच फेटा बांधून! आणि काय बोललात तर गुप्त विदेशी संघटना आपल्या माणसांना धर्मापासून तोडतात, सावध रहा. माझा चुलतभाऊ समोरच बसलेला, लोकं माना वळवून वळवून त्याच्याकडं बघत होती. म्हणून हे उघड लिहितोय. बंद पाकिटातली तीन पत्रं तुमच्या पीएच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असतील, शोधा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाना रेल्वेत होते, मुंबईला बदली असताना फ्रीमेसन झाले, म्हणजे त्या नावाच्या जुन्या बंधुसंघटनेचे सभासद. फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलला जायचे, त्यांच्या शाखेला लॉज म्हणतात. आता आपल्याकडं लॉज म्हटलं की लोकांच्या डोक्यात काय येतं ते वेगळं सांगायला नको. आई तीस वर्षं म्हणायची, "तुना बाप लॉजवर जास, हाई मी कोणले सांगू?"

नाना गेल्यावर पेटी उघडली. आत पांढरा एप्रन, हातमोजे, एक बारकी वही आणि एक फोटो. भाच्यानं कौतुकानं फोटो स्टेटसला ठेवला आणि संध्याकाळपर्यंत आमचे नाना गावाच्या ग्रुपवर सैतानाचे पुजारी झाले, खाली नरबळी काय, काळी जादू काय, त्रिकोणातला डोळा काय, सगळा मसाला. मंडळानं गंधमुक्तीच्या (मृत्यूनंतरच्या विधीच्या) जेवणासाठी दिलेला हॉल आदल्या रात्री रद्द केला, कारण विचारलं तर म्हणे लाईटचं काम आहे. दारात मांडव टाकला. चारशे माणसांचं वरण-बट्टी केलं होतं, आली साठ. उरलेलं टेम्पोत भरून गोशाळेला पाठवलं तेव्हा आई चुलीपाशी बसून नुसती राखेकडं बघत होती. दोन दिवसांनी पोलीस आले, कुणीतरी अर्ज दिलाय म्हणाले, पेटी चौकशीला नेली. पावती दिली नाही. मी सतरा चकरा मारल्या, दर वेळी साहेब बंदोबस्तात. कुणाच्या, तर बहुतेक तुमच्याच.

त्या एप्रनवर खूण कसली, तर गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) आणि कंपास. आमचं प्लास्टर करायला येतो त्या गवंड्याच्या पिशवीतही गुण्या असतो, त्यालाही आत टाका मग. दगडकाम करणाऱ्यांच्या जुन्या संघांवरून ही मंडळी चालत आली, १७१७ ला लंडनमध्ये पहिलं ग्रँड लॉज झालं, भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज १९६१ पासून आहे, देशात चारशेच्या वर लॉज आहेत म्हणे. देव मानणारा माणूसच घेतात, कुठल्याही धर्माचा चालतो. आत धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायला बंदी. टेबलावर गीता, कुराण, बायबल शेजारी शेजारी. (राजकारणावर बंदी आहे हे वाचूनच तुम्हाला संशय आला असेल.)

यांच्यावर राग धरणारे तुम्ही पहिले नाही. पोपनं १७३८ मध्येच कॅथलिकांना बंदी घातली, गुप्त शपथ आणि सगळ्या पंथांची माणसं एका खोलीत, हे त्यांना खपलं नाही. ती बंदी २०२३ मध्ये व्हॅटिकननं पुन्हा पक्की केली. मक्केतल्या फिकह (इस्लामी धर्मशास्त्र) परिषदेनं १९७८ ला विरोधात ठराव केला. पाकिस्तानात भुट्टोंनी १९७२ ला लॉज बंद केली. हिटलरनं तर मेसन लोकांना छळछावणीत टाकलं. ज्यांचं आपसात कधी पटलं नाही त्या सगळ्यांचं या एका गोष्टीवर पटलं, आणि आता आमच्या समाजाचं मंडळ आणि तुम्ही. आणि रविवारी तुमच्या मागं बॅनरवर ज्यांचा फोटो होता ना, ते विवेकानंद, १८८४ साली कलकत्त्याच्या लॉजमध्ये मेसन झाले होते. फोटो काढा म्हणावं मंडळाला.

मी काही त्यांची वकिली करत नाही. बायकांना प्रवेश नाही हे मला कधीच पटलं नाही, नानांशी भांडलोय त्यावरून. हाताच्या खुणा, परवलीचे शब्द, मला सख्ख्या मुलाला सांगितले नाहीत याचा रागही आहे. पण लपवावं का लागतं ते मार्चमध्ये कळलं. मुंबईत १८४९ ला परमहंस सभा निघाली होती, आपलीच मराठी माणसं, जात मोडायची म्हणून गुपचूप एकत्र जेवायची. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं बाहेर आली आणि सभा संपली. तेव्हा यादी, आता स्टेटस.

तुमच्याच विधिमंडळानं २०१६ ला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. हॉल नाकारणाऱ्यांवर तो लावायचा सोडून तुम्ही त्यांच्याकडून शाल घेतलीत. नरबळीचा संशय म्हणे! जादूटोणाविरोधी कायदा यायला दाभोलकरांचा जीव जावा लागला, तो आता एका पेन्शनरच्या हातमोज्यांवर वापरायचाय का? आणि गुप्तच म्हणाल तर २०२२ मध्ये आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले तेव्हा हॉटेलात काय ठरत होतं ते कोणत्या मतदाराला विचारलं? तिकिटं कुठं ठरतात, टेंडर कुठं ठरतं, बदल्यांचा रेट कोण ठरवतं, त्या खोलीत टेबलावर गीता तरी असते का? जात बघून मत मागायचं, पोटजात बघून हॉल द्यायचा, ती मात्र खुली संघटना. आणि चार धर्मांची माणसं महिन्यातून एकदा एकत्र जेवली की ती विदेशी.

पेटी द्या. आत काय आहे ते पोलिसांनी सहा महिने बघून झालंय. आणि जे स्टेजवरून बोललात ते स्टेजवरूनच मागं घ्या, फोनवर सॉरी नको.

वर्षश्राद्धाच्या आत स्वतः घेऊन आलात तर चहा आहेच. फक्त गाड्यांचा ताफा गल्लीच्या तोंडाशीच लावा, गटारीचं काम अजून अर्धवट आहे, तेही त्याच दिवशी ओट्यावर बसून कबूल केलं होतं तुम्ही.

आपला,
चाळीसगाव तालुक्यातला एक मतदार