वीस टक्के लस, पण किती दिवस टिकणारी?

संपादक महोदय,

पुढच्या महामारीत गरीब देशांना लस कशी मिळणार, ही चर्चा 'वीस टक्के' या आकड्याभोवती फिरते आहे. मे २०२५ मध्ये जिनिव्हात मंजूर झालेल्या महामारी करारात तशी तरतूद आहे. सहभागी कंपन्यांनी साथीच्या काळातल्या उत्पादनाचा वीस टक्के वाटा जागतिक आरोग्य संघटनेला द्यायचा. त्यात किमान दहा टक्के मोफत, उरलेला परवडणाऱ्या दरात. आकड्याबद्दल तक्रार नाही. पण लस भांडारात खोका उतरला की डोस मोजायच्या आधी मुदतीची तारीख बघितली जाते, आणि आमचे म्हणणे त्या तारखेबद्दल आहे.

मलावीला मार्च २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या कोविड लसीच्या कुप्यांची मुदत १३ एप्रिलला संपत होती. हातात तीन आठवडेसुद्धा नाहीत. उरलेले १९,६१० डोस त्यांनी मे महिन्यात जाळले. नायजेरियाने त्याच वर्षी डिसेंबरात दहा लाखांहून अधिक डोस नष्ट केले. श्रीमंत देशांनी ते दिले तेव्हा त्यांची मुदत काही आठवड्यांवर आली होती. वर बोल कोणाला? घेणाऱ्यांना वापरता येत नाही म्हणून घेणाऱ्यांनाच.

आपल्याकडचा हिशोब मांडून बघा. विमानतळावरून राज्य भांडार, तिथून छत्रपती संभाजीनगर किंवा लातूर, मग जिल्हा, मग प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शेवटी कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या थंड पेटीत, चार आइसपॅक घालून उपकेंद्र. प्रत्येक ठिकाणी बॅच नंबर नोंदवायचा, तापमान तपासायचे, पुढच्या गाडीची वाट बघायची. टप्प्याला चार दिवस धरले तरी वीस दिवस वाटेतच गेले. विजेचे फारसे भय नाही. चोवीस तासांत सलग आठ तास वीज मिळाली तरी आयएलआर (लस ठेवायचा बर्फाच्या अस्तराचा फ्रीज) दोन ते आठ अंश धरून ठेवतो. गेलेली मुदत मात्र कोणताच फ्रीज परत आणत नाही.

पुढचा घोळ कुपीचा. कोविशील्डच्या कुपीत दहा डोस असत, आणि फोडल्यावर चार तासांत संपवायचे. हिंगोली-नांदेडकडच्या तांड्यावर सकाळी सहा माणसे जमली तर नर्सताईंनी काय करावे? फोडली तर चार डोस वाया, आणि वाया गेल्याचा जाब वरून. नाही फोडली तर ती सहाही जण शेतात निघून जातात आणि पुन्हा हाती लागत नाहीत. मे २०२१ पासून दोन डोसांत ८४ दिवसांचे अंतर झाले. सप्टेंबरात पहिला डोस घेतलेला बीडचा ऊसतोड मजूर दुसऱ्याच्या वेळी कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडात असतो.

आफ्रिकेच्या लस-खरेदी यंत्रणेने आणि कोव्हॅक्सने (गरीब देशांना कोविड लस पुरवणारी जागतिक योजना) नोव्हेंबर २०२१ मध्ये संयुक्त निवेदनात मागितले ते म्हणूनच नेमके होते: पोहोचल्यावर किमान दहा आठवडे मुदत शिल्लक, चार आठवडे आधी सूचना, आणि सोबत सिरिंज व डायल्युएंट (लसीत मिसळायचे द्रावण). यातले दहा आठवडेसुद्धा सत्तरच दिवस होतात. ८४ दिवसांच्या अंतराने दुसरा डोस त्या खेपेतून देता येत नाही. पुढची खेप कधी, हे लेखी हवे.

सिरिंजचे म्हणाल तर ते किरकोळ वाटते, पण नाही. आपल्या नेहमीच्या एडी (एकदाच वापरता येणाऱ्या) सिरिंजचा दट्ट्या अर्ध्या मिलीलाच थांबतो आणि टोचल्यावर लॉक होतो. फायझरच्या तेव्हाच्या लसीचा डोस ०.३ मिलीचा. कुपीत आधी १.८ मिली सलाइन घालायचे, आणि सहावा डोस निघतो तो सुईच्या बुडाशी थेंब अडकून न राहणारी सिरिंज असेल तरच. ती नसेल तर पाचावर भागवा. म्हणजे कागदावर सहा लाख डोस आले, तरी दंडात पाचच लाख गेले.

दराबाबत आपणही धुतल्या तांदळाचे नाही. युरोपीय संघाला अॅस्ट्राझेनेकाची लस सव्वादोन डॉलरच्या आत पडत होती, तेव्हा तीच लस पुण्याच्या सीरमकडून दक्षिण आफ्रिकेने ५.२५ डॉलरला घेतली. घानाला कोव्हॅक्सची पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ ला गेली तीही पुण्याचीच, सहा लाख डोसांची. महिनाभरात दुसरी लाट आली आणि भारताने कोव्हॅक्सला जाणारी निर्यात थांबवली ती नोव्हेंबरपर्यंत. मे महिन्यात देशातही कोविशील्डच्या एकाच डोसाचे तीन दर झाले: केंद्राला १५०, राज्याला ३००, खासगी रुग्णालयाला ६०० रुपये. राज्यांनी जागतिक निविदा काढल्या, तर परदेशी कंपन्या म्हणाल्या, आम्ही केंद्राशीच बोलू. तेव्हा मराठवाड्यातल्या केंद्रांवर पहाटेपासून रांगा होत्या. एकाच कारखान्यावर निम्मे जग टेकले की त्या कारखान्याच्या गावाला ताप आला तरी सगळ्यांची लस अडते.

म्हणून वीस टक्क्यांच्या वाटपाच्या नियमांत आणि कंपन्यांशी होणाऱ्या करारांत भारताने तीन ओळी आग्रहाने घालून घ्याव्यात. डोस कारखान्यातून निघाल्याच्या दिवशी नव्हे, देशात उतरल्याच्या दिवशी किती मुदत उरली यावर मोजावा. कुपी शक्य तिथे पाच किंवा एक डोसाची असावी. शीतसाखळीत जागा जास्त लागेल, ती लागू द्या. आणि त्या लसीच्या मापाची सिरिंज त्याच खेपेत यावी, मागाहून नव्हे.

– लसीकरण व शीतसाखळीत काम केलेले काही आरोग्य कर्मचारी, परभणी