आधारवरचा माझा चेहरा कोणी मंजूर केला? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय मंत्री, इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान,
नवी दिल्ली

महोदय,

सादर नमस्कार. आपल्यामागे कामाचा किती व्याप असतो याची मला जाणीव आहे. तरीही आधार कार्डावरील छायाचित्रासारख्या वरवर किरकोळ वाटणाऱ्या विषयावर आपल्याला जाहीरपणे लिहावे लागत आहे, कारण नुकतेच माझे अद्ययावत कार्ड हाती आले आणि त्यावरची बाई मी आहे, हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही पटेना.

जुना फोटो बराच आधीचा होता आणि बँकेत त्यावरून शंका घेतली जात असे, म्हणून मी तो बदलून घ्यायला तालुक्याच्या एका केंद्रात गेले. फोटो घरबसल्या बदलता येत नाही, केंद्रातच जावे लागते. शुल्क पूर्वी १०० रुपये होते, ऑक्टोबर २०२५ पासून ते १२५ झाले. तेही मी कुरकुर न करता भरले. केंद्रात पांढरा पडदा म्हणून खिडकीच्या गजांना चादर बांधलेली होती आणि तिच्यातून दुपारचे ऊन थेट कॅमेऱ्यात येत होते. कॅमेरा टेबलावर इतका खाली होता, की त्याला आधी माझ्या नाकपुड्याच दिसाव्यात. मी डोळे सावरते आहे तोच तेथील मुलाने बटण दाबले आणि कागद पुढे सरकवून म्हणाला, "इथे सही करा." फोटो दाखव म्हटले, तर उत्तर मिळाले, "सिस्टीमने घेतला म्हणजे बरोबरच आहे, मॅडम." आज कार्डावर काळवंडलेला चेहरा, अर्धवट मिटलेले डोळे आणि एका बाजूला कललेली मान आहे. पोलिसांनी पकडून आणलेल्या माणसाचाही फोटो यापेक्षा बरा निघत असेल.

मी उभे आयुष्य शाळेत शिकवण्यात घालवले. माझ्या हाताखाली शिकलेली मुले आज बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात काम करतात, आणि त्यांच्याच टेबलावर मला हे कार्ड ठेवावे लागते. दवाखान्यातल्या खिडकीवरच्या मुलीने कार्डाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा कार्डाकडे पाहिले आणि शेजारणीला बोलावले. मागे रांग उभी होती. त्या क्षणी मला जे वाटले ते कोणत्या अर्जात लिहायचे?

महोदय, केंद्रात नागरिकाला स्वतःची माहिती तपासता यावी म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला दुसरा मॉनिटर असावा, असे आधार देणाऱ्या आपल्याच प्राधिकरणाचे निकष सांगतात. छायाचित्रासाठी पांढरा, प्रकाश परावर्तित न करणारा पडदा असावा, असेही ते सांगतात. मग हे तपासायला कोण येते? केंद्रातला मुलगा केंद्र चालवणाऱ्या एजन्सीकडे बोट दाखवतो आणि एजन्सी तिला हे काम देणाऱ्या निबंधक संस्थेकडे. निबंधक संस्था प्राधिकरणाचे नाव सांगते, आणि तेथून १९४७ या मदत क्रमांकावर फोन करायला सांगितले जाते. बटण दाबणारा, तपासणारा आणि छापणारा असे सगळे आहेत, पण जबाबदार मात्र कोणीच नाही.

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिला गेला. आज १३० कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले आहेत. दहातला एक फोटो बिघडला असे धरले, तरी १३ कोटी चेहरे होतात, आणि माझ्या ओळखीत पाहिले तर हे प्रमाण दहात एक नसून दहात सहा तरी असेल. २०२१ पासून निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी चेहरा पडताळणी आली आहे. म्हणजे या फोटोशी आता माणसाचे पोटही बांधलेले आहे.

आधार कायद्याचे कलम २९ नागरिकाचे छायाचित्र जाहीरपणे प्रसिद्ध करण्यावर निर्बंध घालते. प्रत्यक्षात लॉजच्या रजिस्टरपासून सिमकार्डाच्या दुकानापर्यंत आमच्या चेहऱ्याच्या झेरॉक्स पडलेल्या असतात, आणि तो चेहरा कसा दिसावा यावर आम्हाला चकार शब्द काढता येत नाही. मतदार नोंदणीच्या अर्जाला आम्ही आमचा फोटो जोडतो. आधारसाठी तो समोर बसवूनच काढावा लागतो, हे मला पूर्ण मान्य आहे, पण काढलेला फोटो दाखवायला काय हरकत आहे?

या देशात सरकारी जाहिरातीत कोणाचा फोटो छापावा, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली निकाल दिला. राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश एवढ्यांनाच परवानगी होती. सरकारांनी फेरविचार मागितला आणि २०१६ साली राज्यपाल, मुख्यमंत्री व मंत्र्यांनाही ती मिळाली. मंत्र्यांच्या छायाचित्रासाठी केंद्र आणि राज्ये न्यायालयात उभी राहतात, मग नागरिकाच्या छायाचित्रासाठी कोण उभे राहणार? जन्मदाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत या व्यवस्थेला माणूस नको आहे, तिला फक्त नोंद हवी आहे. नोंद चुकली तर माणसानेच धावायचे, माणसानेच पैसे भरायचे, आणि चूक आपली नाही हेही माणसानेच सिद्ध करायचे.

माझी मागणी साधी आहे. फोटो नागरिकाला दाखवून त्याचा होकार घेतल्याशिवाय तो पुढे जाता कामा नये. केंद्राच्या हलगर्जीपणामुळे बिघडलेला फोटो विनाशुल्क पुन्हा काढून मिळावा, आणि त्या केंद्राला त्याबद्दल लेखी जाब विचारला जावा. माझे १२५ रुपये परत मिळोत अथवा न मिळोत, पण तो फोटो कोणी मंजूर केला, याचे लेखी उत्तर आपल्या कार्यालयाकडून मला हवे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जिल्हा नाशिक